कानबाईची कॅसेट

ममता किंचाळली ती टीव्हीकडे बघून. दोन्ही हात ज्वारीच्या पिठाने भरलेले, तशीच ओट्यापासून धावत आली आणि म्हणाली, “अहो, हे तुम्ही आहात! बंद करा ते. आधी बंद करा!” मला काही कळेना. मी रिमोट घेऊन सोफ्यावर बसलो होतो. भाऊ जाऊन जेमतेम आठवडा झालेला, त्याला अग्नी मीच दिला म्हणून डोक्याचा चकोट झालेला, सुतकाचं घर. पण हातातलं काम मनासारखं झालं की आत कुठेतरी बरं वाटतंच, ते काही सुतक बघून थांबत नाही. डीव्हीडी झकास उतरली होती. पडद्यावर माझा थोरला भाऊ रुपचंद, अंगात आकाशी शर्ट, डोक्यावर पांढरी टोपी, खांद्यावर त्याची चिमुरडी कामिनी. कडेने मी टाकलेली झेंडूची चौकट, कोपऱ्यात हलती समई, खाली सोनेरी अक्षरांत कै. रुपचंद तोताराम पाटील. मी चिडून म्हटलं, “डोकं फिरलं का तुझं? भाऊ आहे तो.” तर ती म्हणते, “मोठे भाऊजी जन्मात कधी घड्याळ घालायचे का? आणि तेही उजव्या हाताला? तुमच्याशिवाय उजव्या हाताला घड्याळ बांधणारं आहे कोण आपल्या खानदानात?” आणि माझ्या हातातून रिमोट हिसकावून तिनेच टीव्ही बंद केला. रिमोटची बटणं पिठाने पांढरी झाली.

बंद टीव्हीत मला माझं गुळगुळीत डोकं दिसत होतं. मग उठून टीव्हीच्या बाजूचं बटण दाबलं, डीव्हीडी मागे नेली आणि त्या जागी थांबवली. ममता आत जाऊन देवाजवळ काहीतरी पुटपुटत होती. पडद्यावरच्या माणसाचा उजवा हात पोरीच्या पायांवर घट्ट होता आणि त्या मनगटावर घड्याळ होतं, तबकडी आतल्या बाजूला. लहानपणी चुलीवरचं आधण सांडून माझं डावं मनगट भाजलं, तेव्हापासून तिथे पट्टा सहन होत नाही. तबकडी आत ठेवायची सवय कॉलेजातली. आता बाकीचंही दिसायला लागलं. कान. माझे कान जरा बाहेर आहेत, भाऊचे डोक्याला चिकटून होते. आणि हसणं! भाऊ हसायचा तेव्हा ओठ मिटलेले असायचे. हा माणूस सगळे दात दाखवून हसत होता. अरे, मी आहे हा! मी, बन्सीलाल तोताराम पाटील, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, मुक्काम जळगाव, माझ्याच घरात, माझ्याच टीव्हीवर, माझ्या नावावर नव्हे तर माझ्या तोंडावर कै. लिहून, वर झेंडूची फुलं वाहून बसलो होतो. टाळूवरून गार वारा गेल्यासारखं झालं. पंखा तर बंद होता.

आता कुणी म्हणेल, स्वतःचं तोंड ओळखू येत नाही का माणसाला? नाही येत, मी सांगतो. आपण आपल्याला आरशात बघतो, समोरून, दाढी करताना, तोंड वाकडं करून. दुसऱ्याच्या पोराला खांद्यावर घेऊन बाजूने हसताना आपण कसे दिसतो ते आपल्याला काय ठाऊक? आणि त्यातून ती तीसेक वर्षांपूर्वीची कॅसेट, बुरशी धरलेली, स्टुडिओत देऊन तिची कशीबशी फाइल करून आणलेली. माझा लॅपटॉप जुना. एडिटिंग करताना चित्राची खिडकी छोटी ठेवावी लागते आणि तीसुद्धा अर्ध्या क्वालिटीवर, नाहीतर बिचारा अडखळत बसतो. त्या खिडकीत ते घड्याळ म्हणजे मनगटावरचा एक काळपट ठिपका. मला वाटलं, कानबाई देवीचा दोरा असेल. शेवटी डीव्हीडी टाकताना मात्र मी तडजोड करत नाही. लोक एका डीव्हीडीत तीन-तीन तास कोंबतात आणि मग चेहऱ्यांचे चौकोन होतात. मी एक तासाच्या वर एक मिनिट टाकत नाही, आणि बर्न करतो तो सगळ्यात हळू वेगावर. आता डीव्हीडी पाहतं कोण, पेनड्राइव्हवर द्या, असं भाचेमंडळी म्हणतात. म्हणू देत. गावाकडे अजून घरोघरी ते डीव्हीडी लावायचे डबे आहेत, आणि पेनड्राइव्हवर माणूस भावाचं नाव छापून देऊ शकत नाही. क्वालिटी, क्वालिटी करत आलो आयुष्यभर. त्या क्वालिटीनेच घात केला. छोट्या खिडकीत माझा भाऊ होता, मोठ्या पडद्यावर तो नव्हता.

आणि त्या शॉटवर मी रडलो होतो. हे सांगायला लाज वाटते, पण रडलो होतो. चार दिवस तो तुकडा पुढे-मागे करत होतो, हळू करत होतो, त्याखाली बासरी टाकत होतो, आणि प्रत्येक वेळी मनात म्हणत होतो, बघ, आमचा भाऊ असाही होता, उगाच आम्ही त्याला दगड म्हणायचो. स्वतःच्याच हसण्याकडे बघून मी डोळे पुसत होतो! ममता वाटीत मीठ-मोहरी घेऊन आली आणि माझ्यावरून उतरवायला लागली. सुतकात दृष्ट काढतात की नाही हे तिलाही माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. “जिवंत माणसाच्या तोंडाखाली कै. लिहिलंय, अहो,” ती म्हणाली, “आणि तुम्ही त्याच्या थप्पी लावून डीव्हीड्या केल्यात गावभर वाटायला. मला अजून कुंकू लावायचंय.” मी तिला म्हटलं, गप बस.

वाटायला म्हणजे गंधमुक्तीला. आमच्याकडे तेराव्याला गंधमुक्ती असते, सगळे भाऊबंद, सोयरे जमतात, सुतक सुटतं. येणाऱ्याच्या हातात कुणी स्टीलची वाटी देतं, कुणी हरिपाठाचं पुस्तक. कामिनीने ठरवलं की नानांची डीव्हीडी द्यायची. नाना म्हणजे तिचे वडील, माझा भाऊ. ती त्याची एकुलती एक, धुळ्याला दिलेली. राख सावडून आलो त्या दिवशी पिंपळनेरजवळच्या आमच्या घराच्या पडवीत ती माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, “काका, तुमच्याकडे ती कानबाईची कॅसेट आहे ना? तिच्यात नानांनी मला खांद्यावर घेतलंय. तेवढं नक्की टाका. आणि त्याचाच एक फोटो मोठा करून द्या, भिंतीवर लावायला. नाना हसतानाचा दुसरा फोटोच नाही आपल्याकडे.” मी हो म्हणालो. तिने हे लहानपणी सुरतला आत्याकडे टीव्हीवर एकदा पाहिलेलं. कुणीतरी म्हणालं असेल, बघ तुझे नाना. तेव्हापासून ते तिच्या मनात पक्कं बसलं. आणि बसायलाच हवं होतं, कारण त्याच्याशिवाय तिच्याजवळ होतं काय? भाऊने तिला कधी मारलं नाही, शिकवलं, लग्न थाटात केलं. पण नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही. “ए पोरी” म्हणायचा. ती दहावीत केंद्रात पहिली आली तेव्हा तिने पेढा पुढे केला आणि भाऊने तो घेऊन खिशात ठेवला. माहेरून सासरी जाताना पोरी बापाच्या गळ्यात पडतात, हिने पायाला हात लावला आणि भाऊ मंडपाच्या खांबाचा दोर घट्ट करायला लागला. अशा पोरीने अर्ध्या मिनिटाच्या त्या तुकड्यावर सगळं भागवलेलं. आणि आता ममता म्हणत होती, तिला सांगा तो बाप नव्हेच.

ममताचंही चूक नव्हतं. न सांगावं तर माझा हसरा फोटो भावाचा म्हणून भिंतीवर हार घालून लटकणार, कामिनी रोज त्याला उदबत्ती ओवाळणार, आणि मी कधी तिच्या घरी गेलो की त्याच्याखाली बसून चहा पिणार! सांगावं तर पोरीच्या हातातलं एवढंसं तेही काढून घ्यायचं, आणि ते बाप जाऊन दहा दिवस नाही झाले तर. पण याच्याही खाली आणखी एक होतं आणि ते मी ममताला बोललो नाही. आम्हाला मूल नाही. कामिनी लहान असताना गावी गेलो की ती सबंध दिवस माझ्या अंगावर असायची. तिला शेव लागायची, माझ्या शर्टाला हात पुसायची. तिच्या त्या पडद्यावरच्या हसण्याकडे बघताना मला आता वाटत होतं, हे माझं आहे. हे मी केलंय. एवढी वर्षं हे भाऊच्या खात्यावर कसं काय जमा होत राहिलं? भाऊ मेल्यावर त्याच्याशी भांडायला निघालो होतो मी. शी, असंही मनात आलं. पण आलं, ते आलं.

दुपारी मी मूळ फाइल काढली. म्हटलं, भाऊ दुसरीकडे कुठेतरी हसला असेल, कामिनीला निदान जवळ तरी घेतलं असेल, तेवढं मिळालं तर हा शॉट बदलून टाकू, कुणाला सांगायलाच नको. सगळी कॅसेट पळवत पळवत बघितली. श्रावणातला कानबाईचा सोमवार. अंगणात मांडव, पाटावर कानबाई, नारळाला नथ आणि डोळे लावलेले, बाया रोटाच्या, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांच्या, चुलीपाशी. सुरतचे आमचे मेव्हणे प्रेमराज तेव्हा नवा कॅमेरा घेऊन आले होते आणि सगळं गाव त्यांच्या मागे फिरत होतं. आईने त्या वर्षी एकाच ताग्यातून आम्हा दोघा भावांना शर्ट शिवून घेतलेले. दरवर्षीच घ्यायची. कानबाईला घरातले भाऊ एका रंगाचे दिसले पाहिजेत, असं तिचं. मी पळवत होतो आणि आकाशी शर्ट दिसला की थांबत होतो. प्रत्येक वेळी मी. रोट मोडताना मी, डफवाल्यासमोर नाचताना मी, आबांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, खाटेपाशी पाण्याचा तांब्या ठेवताना मी. सकाळच्या आरतीत भाऊ एकदा दिसला, मागच्या रांगेत, हात जोडून, कोरडा. त्यानंतर नाहीच. विसर्जनाची मिरवणूक निघेपर्यंत भाऊ कुठे नाही. वाटलं, शेतात गेला असेल. सणाच्या दिवशीही जाणारा माणूस तो.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप पिशवीत घालून धुळ्याची एसटी धरली. ममता म्हणाली होती, फोनवर सांगा. असलं फोनवर सांगतात का? एरंडोल गेलं, पारोळा आला, मी खिडकीशी बसून एकच प्रयत्न करत होतो की ते आठवावं. माझा खांदा, त्यावर ते ओझं. चार वर्षांच्या पोराचं ओझं काही कमी नसतं. डोळे मिटले, उजवा खांदा जरा पुढे केला, शेजारचा माणूस बघायला लागला. काहीच येईना. आलं ते भलतंच. नव्या कापडाची खळ मानेला चावायची ते आलं, आणि आईने कॉलरच्या आतली शिंप्याची चिठ्ठी काढायला लावलेली कात्री. डफाचा चामड्याचा वास आला. पण पोरगी आली नाही. मी तिला इतक्या वेळा उचललं असेल की त्यातलं एकही वेगळं उरलं नाही. आणि जिला बापाने एकदाच उचललं असं वाटतं तिला ते तीस वर्षं पुरलं. पारोळ्याला एक बाई पोराला घेऊन चढली आणि पोर माझ्या चकोटाकडे बघून रडायला लागलं. मला तेव्हा एकदम आमच्या घरचा तो नियम आठवला, म्हणजे नियम म्हणून तो कुणी कधी बोलून दाखवला नव्हता. आबांसमोर कुणी स्वतःचं मूल उचलायचं नाही. वडीलधाऱ्यांसमोर आपल्या पोराला घेणं, त्याचा मुका घेणं म्हणजे निलाजरेपणा. काकाने घ्यावं, मामाने घ्यावं, बापाने घेऊ नये. आबांनीही आम्हाला त्यांच्या वडिलांसमोर घेतलं नसणार. मला मूलच नव्हतं, त्यामुळे मी मोकळा होतो. बसमध्ये बसल्या बसल्या मी हे सगळं नीट मांडत होतो, की कामिनीला असं असं समजावून सांगू, म्हणजे तिला वाईट वाटणार नाही. धुळं आलं तेव्हा त्यातलं एकही वाक्य धड राहिलं नव्हतं.

देवपुरात तिचं घर. जावई किरण कामावर गेलेले. तिने पाण्याचा ग्लास दिला, माझ्या डोक्याकडे बघून डोळ्याला पदर लावला, आणि लगेच म्हणाली, “आणली डीव्हीडी? फोटो काढला का?” मी म्हटलं, बस. मग कसंही, वेडंवाकडं, पाणी पिता पिता सांगून टाकलं की पोरी, तो मी आहे. तिला आधी वाटलं मी थट्टा करतोय. मी घड्याळ दाखवलं, कान दाखवले, लॅपटॉप तिच्या टीव्हीला जोडून तो तुकडा लावला आणि थांबवला. ती उठून पडद्याजवळ गेली. माझ्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. “तुम्ही कशाला आलात सांगायला?” ती म्हणाली. मग, घरात लहानपणी बोलायची तसं, आमच्या अहिराणीत बोलली, “मंग नाना कोठे व्हतात?” मी म्हटलं, सगळी कॅसेट बघितली बाई, नाही सापडला. शेतात गेला असेल. “तुम्ही पळवत बघितली असेल,” ती म्हणाली. “तुम्ही कापलेलं सगळं दाखवा. पहिल्यापासून. न पळवता.” आणि माझ्यापासून लांब, दाराजवळच्या खुर्चीत जाऊन बसली.

मी लावली. तिच्या टीव्हीला आवाज मोठा होता. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी हा आवाज ऐकलेलाच नाही. फाइल हाती आली की मूळ आवाज बंद करून टाकायची माझी पद्धत आहे. घरगुती चित्रणात असतं काय, भांडी, डफ, पोरांची किंचाळी, वाऱ्याची घरघर. ते काढून खाली बासरी टाकली की चित्राला शोभा येते. आता ते सगळं त्या छोट्या हॉलमध्ये भरलं. आईचा आवाज आला, रोट करपला म्हणून कुणावर तरी ओरडत होती. आई जाऊन किती काळ झाला, मी चमकून उठलोच. मग तो भाग आला. अंगण, मी उभा, कामिनी माझ्या खांद्यावर. आणि माझ्या डाव्या बाजूने हातात रोटाचा तुकडा घेऊन खात खात प्रेमराज आले. हा सुरुवातीचा भाग मी पळवतच कापून टाकला होता. प्रेमराज चौकटीत! मग कॅमेरा कुणाच्या हातात? प्रेमराज कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, “ते लाल बटन दाबेल ऱ्हाऊ द्या हां रुपचंदभाऊ, सोडू नका.” आणि निघून गेले. कामिनी खुर्चीतून उठली. कॅमेरा हळूहळू पुढे सरकला, माझं अर्धं तोंड कापलं गेलं, मधोमध पोरीचा चेहरा आला, नाक वाहणारा, कपाळाला भंडारा. आणि अगदी जवळून, इतक्या जवळून की टीव्ही फाटल्यासारखा वाटला, भाऊ बोलला. “कामू. ए कामू. आठे देख. मन्हाकडे देख ना, माय.”

हा आवाज मी ओळखत नव्हतो. आवाज भाऊचा, पण असं बोलणारा भाऊ मला ठाऊक नव्हता. पन्नास वर्षं एका ताटात जेवलेला माणूस! आबा समोर खाटेवर, सगळी भावकी अंगणात, आणि हा कॅमेऱ्याच्या आड डोळा लपवून आपल्या पोरीकडे पोट भरून बघत होता. त्याला कोण काय म्हणणार? फोटोच तर काढतोय. चित्र तिच्यावरून हलत नव्हतं. मी हसत होतो ते कॅमेऱ्याला नव्हे, पोरीला नव्हे, भाऊकडे बघून हसत होतो, हे आता दिसलं. पडद्यावरची पोर दोन्ही हात पसरून कॅमेऱ्याकडे झेपावत होती. आणि पडद्यावरचा मी, टोपीखाली काळे केस असलेला, दात काढत म्हणालो, “भाऊ, तूच ले ना हिले. तुन्हाकडे येवाले करी ऱ्हायनी ती.” जरा वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग भाऊ हळूच म्हणाला, “आबा बठेल शेतस.” आबा बसलेत म्हणे समोर. इथपर्यंतच मी डीव्हीडीत घेतलं होतं, बिनआवाजाचं. पुढचं मी कापलं होतं, कारण पुढे कॅमेरा हलतो, आणि हलणारी शेपटी कापायची हा एडिटिंगचा पहिला धडा आहे. पुढे कॅमेरा हलला. कारण एक हात त्याने कॅमेऱ्यावरून काढला होता. तो हात उजवीकडून चौकटीत आला, धूसर, जाड बोटांचा, नखात माती भरलेली, पोरीच्या हातांच्या दिशेने. पोरीच्या बोटांना लागला की नाही लागला, नीट दिसत नाही. बाजूने आबांचा खोकला आला. एकदाच. हात तिथल्या तिथे थांबला, आणि मागे गेला. चित्र कलंडलं, जमीन दिसली, कुणाच्या तरी वहाणा, शेणाने सारवलेलं अंगण, आणि मग सगळं काळं.

“पुन्हा,” कामिनी म्हणाली. मी पुन्हा लावलं. “पुन्हा.” ती पडद्याच्या इतक्या जवळ उभी होती की मला तिची पाठ आणि तिच्या खांद्यावरून तो हात एवढंच दिसत होतं. तिसऱ्यांदा की चौथ्यांदा लावल्यावर ती रडायला लागली, भाऊच्या तिरडीपाशीही रडली नव्हती तशी, तोंड उघडं टाकून. मी उठून जवळ गेलो, डोक्यावर हात ठेवावा म्हणून हात उचललाही, पण ठेवला नाही. “तुम्ही हे कापलं होतं, काका?” ती म्हणाली. त्यात राग नव्हता, ती फक्त विचारत होती. मी म्हटलं, मला खराब शॉट वाटला गं. “आता काही कापू नका. बाकीचं सगळं काढा, ती फुलं, ती बासरी, सगळं. एवढंच ठेवा.” मी म्हटलं, गंधमुक्तीला लोकांना काही कळणार नाही, हे हलतंय किती, हात कुणाचा, कॅमेरा कुणाचा. “नको कळू दे,” ती म्हणाली.

मग मी तिच्याच जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून काम करायला लागलो. कै. काढून टाकलं. समई काढली. आवाज जसा होता तसा सोडला, आईच्या ओरडण्यासकट. कामिनी स्वयंपाकघरात चहा ठेवत होती, भांड्यांचे आवाज येत होते. खरं सांगायचं तर मी वाट बघत होतो. ती एकदा तरी म्हणेल, काका, म्हणजे मला घेणारे तुम्हीच होतात तर. एवढंच. दुसरं काही नको होतं. ती चहा घेऊन आली, कप ठेवला, माझ्या मागे उभी राहून पडद्यावर सरकणारी हिरवी पट्टी बघत राहिली, आणि ते काही म्हणाली नाही. तिच्या लेखी मी त्या चित्रातून उठून गेलो होतो. कळत होतं मला, आणि तरी मी वाट बघतच राहिलो. कोरी डीव्हीडी आत फिरत होती, मी मुद्दाम सगळ्यात हळू वेग लावलेला.

“काका,” ती म्हणाली, “आबा खोकले नसते, तर नानांनी घेतलं असतं का हो मला?”

मी मान वळवली नाही. “घेतलं असतं.”

“नक्की?”

“अगं, दिसतंय ना तुला. हात पुढे केला होता त्याने. आबांचा धाक होता, दुसरं काय. आबांपुढे आमची कुणाचीच हिंमत नव्हती. नाहीतर घेतलंच असतं, एकदा सोडून शंभरदा घेतलं असतं.” मी बोलत सुटलो. बसमध्ये जुळवलेली आणि विसरलेली सगळी वाक्यं आता भराभर येत होती, आणि मला फार बरं वाटत होतं.

तिने माझं सगळं ऐकून घेतलं. कपातली साय बोटाने बाजूला केली आणि म्हणाली, “पण आबा तर मी सातवीत असतानाच गेले, काका.”